विश्लेषण : धुराचा वास, मनुकांचा गोडवा... ‘पीटेड’ आणि ‘शेरी फिनिश’ स्कॉचसाठी जास्त पैसे का मोजावे लागतात?

भारत आणि ब्रिटनने 24 जुलै 2025 रोजी केलेल्या व्यापार करारात स्कॉचवरील आयात शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 टक्के आणि पुढे दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. बाटल्यांच्या संख्येचा विचार केला तर 2024 मध्ये स्कॉचची सर्वात मोठी परदेशी बाजारपेठ भारतच होता. त्यामुळे ‘पीटेड’, ‘शेरी कास्क फिनिश’ असे शब्द लेबलवर मिरवणाऱ्या महागड्या बाटल्यांबद्दलचे कुतूहलही वाढते आहे. गंमत म्हणजे, या दोन्ही चवी मुळात काटकसरीतून जन्मल्या आहेत.

ही चव नेमकी कशी असते?

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावर तयार होणारी लागावुलिनची ‘डिस्टिलर्स एडिशन’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ग्लास नाकाजवळ नेला की आधी येतो धूर. तो चुलीच्या धुरासारखा नसतो. त्यात आयोडिनसारखा, दवाखान्याची आठवण करून देणारा वास असतो. घोट घेतल्यावर मनुका, अंजीर आणि काकवीसारखा दाट गोडवा जाणवतो. घोट गिळल्यावर धूर पुन्हा वर येतो आणि बराच वेळ रेंगाळतो.

चव घेताना पाण्याचे काही थेंब टाकतात, त्यालाही कारण आहे. धुराच्या चवीचा एक घटक म्हणजे ग्वायकॉल. पाण्याने अल्कोहोलचे प्रमाण घटले की ग्वायकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले होते.

धूर येतो कुठून?

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. झाडे कमी असलेल्या स्कॉटिश बेटांवर तेच स्वस्त इंधन होते. आपल्याकडे गोवऱ्या वाळवतात तसे तिथे पीटचे तुकडे कापून वाळवले जात. मोड आलेले बार्ली या आगीवर सुकवताना धुरातील फिनॉल दाण्यांना चिकटतात आणि पुढे व्हिस्कीत उतरतात.

कंपन्या हे प्रमाण ‘पीपीएम’मध्ये सांगतात. पण हा आकडा सहसा सुकवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतील व्हिस्कीचा नव्हे. ऊर्ध्वपातनात आणि पिंपातल्या वर्षांत फिनॉलचा मोठा भाग कमी होतो. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे तितकीच धुरकट व्हिस्की, असा हिशेब चुकतो.

मग शेरीचे पिंप कशाला?

शेरी ही स्पेनमधील हेरेझ परिसरातील वाइन. ती पूर्वी लाकडी पिंपांतून ब्रिटनच्या बंदरांत येई. रिकामी पिंपे परत पाठवणे परवडत नसे, म्हणून व्हिस्कीवाल्यांनी ती वापरायला घेतली. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणे बंधनकारक झाले आणि हा ओघ आटला.

आज वापरली जाणारी बहुतेक ‘शेरी कास्क’ खास व्हिस्कीसाठीच बनवली जातात. ओकच्या नव्या पिंपात साधारण दीड-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात, मग ती काढून पिंप स्कॉटलंडला पाठवतात. ती शेरी बहुधा वाइन म्हणून विकली जात नाही. पुन्हा नव्या पिंपांसाठी वापरून शेवटी व्हिनेगर किंवा ब्रँडीकडे वळवली जाते. वाइनचे उरलेले पिंप व्हिस्कीला मिळायचे, आता पिंपासाठी वाइन ओतली जाते.

‘फिनिश’ म्हणजे नेमके किती दिवस?

बहुतेक स्कॉच आधी बर्बनच्या जुन्या पिंपांत काही वर्षे मुरते. त्यानंतर ती शेरीच्या पिंपात हलवली, की त्याला ‘फिनिश’ म्हणतात. स्कॉच व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरणे सक्तीचे आहे. मात्र फिनिशसाठी किमान मुदत नाही. त्यामुळे सहा महिने ठेवलेली आणि दोन वर्षे ठेवलेली, अशा दोन्ही बाटल्यांवर तेच शब्द दिसू शकतात. रंगासाठी साधा कॅरामल घालण्यासही परवानगी आहे. म्हणजे गडद रंग हा शेरीचा पुरावा नाही.

पीटवरून वाद का?

पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर थराला सुमारे हजार वर्षे लागतात. जगाच्या जमिनीपैकी सुमारे 3 टक्के भागावरच पीटभूमी आहे, पण तिच्यात साठलेला कार्बन जगभरच्या जंगलांतील झाडांपेक्षा जास्त आहे. ब्रिटनमध्ये पीटचा मोठा वापर बागकामात होतो, व्हिस्कीचा वाटा त्या तुलनेत खूपच लहान आहे. तरीही स्कॉटलंडने बागकामासाठीच्या पीटविक्रीवर बंदीचा विचार सुरू केल्यापासून व्हिस्की उद्योगालाही कमी पीटमध्ये तेवढाच धूर कसा मिळवायचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

महाराष्ट्र-गोव्यात काय?

हा प्रश्न गोव्यापर्यंत पोहोचतो. कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या धुरकट व्हिस्कींत बार्ली भारतीय असले तरी पीट स्कॉटलंडहून येते.

आणि किंमत? आयात शुल्क केंद्राचे, पण मद्यावरील उत्पादन शुल्क राज्याचे. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क 300 वरून 150 टक्के केले होते, ते शेजारील राज्यांशी दराची तफावत आणि तस्करी कमी करण्यासाठी. त्यामुळे आयात शुल्क निम्मे झाले म्हणून दुकानातील किंमतही निम्मी होईल, असे नाही.

बाटली निवडताना काय पाहावे, तर फिनिशचा कालावधी दिला आहे का आणि कॅरामल घातलेला नाही असे लिहिले आहे का. नुसत्या ‘शेरी’ शब्दावरून त्यातले काहीच कळत नाही.

(महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी किमान वय 25 वर्षे आहे आणि परवाना आवश्यक आहे. मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)