खाली कोण राहते?

गेल्या भाऊबीजेला मी आत्याकडे गेलो होतो. वडील होते तोवर ते जात. आता त्यांच्याऐवजी मी जातो. कापूरहोळहून भोरकडे वळले की भाटघरचे धरण लागते. त्याच्या खालच्या अंगाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर आत्याचे घर आहे. ओवाळून झाले, तबक खाली ठेवले आणि चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच तिने विचारले,

"तू मराठीचा मास्तर ना रे? मग 'अतिधोकादायक धरण' म्हणजे काय ते सांग बघू."

नातवाने मोबाइलवर कुठलीशी बातमी वाचून दाखवली होती. त्यात भाटघरचे नाव होते की नव्हते कोण जाणे. आत्याने ते धरूनच चालले होते. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "म्हणजे पडायला आलेलं." पुण्यात पडक्या वाड्यांवर 'धोकादायक' अशी पाटी असते, तिच्या आधारावर मी हे ठोकून दिले. आत्या काही बोलली नाही. पण पुढे फराळाकडे तिचे लक्ष लागेना.

तिचे भय वरवरचे नव्हते. १२ जुलै १९६१ ला ती अकरा वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. त्या दिवशी पानशेत फुटले. चाळीच्या गच्चीवरून तिने आपल्याच घरातला पाट पाण्यावर तरंगत जाताना पाहिला. पुढे लग्न होऊन आली ती साडेतेवीस टीएमसी पाण्याच्या पायथ्याशी! तेव्हापासून दर पावसाळ्यात एक पत्र्याचा डबा दाराशी असतो. त्यात कागदपत्रे, चष्मा, औषधे आणि लहानशी समई. आम्ही मुले त्या डब्याला हसत असू.

आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. त्यांना मी हा किस्सा सांगितला, तर ते चक्क रागावले. "तुम्ही म्हातारीला चुकीचा अर्थ सांगितलात, आता बरोबर अर्थ सांगायला मी येतो," म्हणाले. वैशाखातल्या एका रविवारी आम्ही निघालो. त्यांनी मुद्दाम लांबची वाट धरली: खडकवासला, पानशेत, मग पाबे घाट चढून वेल्हे, नसरापूर आणि तिथून भोर. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणू लागले आहेत. माझ्या जिभेला अजून वेल्हेच येते.)

खडकवासल्याच्या भिंतीपाशी त्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, "हे १८७९ साली पुरे झालेलं दगडी धरण. बांधकाम कसं होतं? पक्कं. ब्याऐंशी वर्षं उभं होतं. तरी त्याच दिवशी काही तासांत फुटलं. का? तर वरचं पानशेत फुटून त्याचं पाणी याच्या अंगावर आलं. आता सांगा, ११ जुलैला या धरणाला तुम्ही कोणती पाटी लावली असती?"

मला उत्तर सुचेना. तेव्हा त्यांनी सांगितले की धरणाच्या बाबतीत प्रश्न दोन असतात आणि ते वेगवेगळ्या वहीत लिहावे लागतात. पहिला, धरणाची प्रकृती कशी आहे? त्यासाठी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पाहणी होते. भेगा, झिरपा, दारांची हालचाल, सारे तपासतात. सापडलेल्या उणिवांच्या तीन श्रेणी लावतात: पहिलीतल्या धरणाच्या जिवावर बेतणाऱ्या, दुसरीतल्या तातडीने दुरुस्त करण्याच्या, तिसरीतल्या वर्षभरात उरकण्याच्या किरकोळ. दुसरा प्रश्न, हे धरण फुटलेच तर खाली कोणाचे काय जाईल? यात धरणाच्या प्रकृतीचा संबंधच नाही. खाली वस्ती दाट असेल तर कालच बांधलेले ठणठणीत धरणही सर्वांत वरच्या वर्गात जाते. आत्याच्या बातमीतला शब्द या दुसऱ्या वहीतला होता आणि मी त्याचा अर्थ पहिल्या वहीतून काढला होता.

चूक माझी, पण थोडी भाषेचीही. आपल्याकडे दोन्हीला 'धोका'च म्हणतात.

पानशेतला भिंतीवरचा वारा अंगावर घेत ते बराच वेळ बोलले. आंबी नदीवरचे ते मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात पुरे झालेले नसतानाच भरू लागले. पाणी सोडण्याच्या बोगद्याची दारे धडपणे बसलेली नव्हती. अर्धवट दारातून पाणी हिसके देत जाऊ लागले, बोगदा खचला आणि त्याच्यावरची माती बसू लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, ती पुरली नाहीत. "मातीच्या धरणातून झिरपणारं पाणी नितळ असलं तर बघत राहावं," ते म्हणाले, "गढूळ झालं की झोप उडाली पाहिजे. पाण्याबरोबर धरण निघालेलं असतं."

मुळशीतल्या टेमघरची गळती २०१६ साली चव्हाट्यावर आली, आणि धरण रिकामे करून दुरुस्ती करता आली. चिपळूण तालुक्यातले तिवरे मात्र २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. ते लहानसेच धरण, पण वीसहून अधिक माणसे गेली. लहान म्हणून त्याला खालच्या वर्गात टाकणाऱ्याने त्याच्याखालची घरे मोजलेली नसतात.

येताना सिंहगड रस्त्यावरून आलो होतो, तो मला आठवला. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा तिथल्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. धरण शाबूत होते, घरे मात्र नदीच्या कुशीत जाऊन बसली होती. वर एक दगड न हलता खालच्या माणसांनीच वर्ग वाढवायचा, हा प्रकार आपल्या पुण्याला चांगला जमतो!

भोरला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. आत्याने पन्हे दिले. पाहुण्यांनी तिला दोन वह्यांची गोष्ट सांगितली. भाटघरचे दगडी धरण शंभरीला टेकलेले आहे, म्हणून त्याची पाहणी जास्तच काळजीने व्हायला हवी, हेही लपवले नाही. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे ते मोडकं आहे असं नाही. आम्ही खाली आहोत, असं."

"बरोबर."

"ते मला लग्नापासून माहीत आहे. फुटलं तर मला किती वेळ मिळेल?"

अभियंते जरा थबकले. मग म्हणाले की २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणाला आणीबाणीचा आराखडा सक्तीचा केला आहे. पाणी कुठवर आणि किती वेळात येईल, कोणी कोणाला कळवायचे, हे त्यात लिहायचे असते. तिच्या आळीत तो कोणी पाहिलेला नव्हता. "मी मागवून घेतो," ते म्हणाले आणि खिशातल्या डायरीत टिपून ठेवले.

आत्याने डबा उचलून माझ्या हातात दिला. "तोवर आपण मोजू." घरामागच्या टेकाडावर देऊळ आहे, तिथपर्यंत आम्ही तिघे निघालो. मी घड्याळ लावले. वाटेत ती दोनदा गुडघ्यावर हात ठेवून थांबली, एकदा शेजारणीशी बोलायला थांबली. देवळाच्या पायरीवर टेकली तेव्हा सतरा मिनिटे झाली होती.

"बोलण्यातली दोन वजा कर," ती म्हणाली, "आणि रात्रीची पाच धर."