भाडेकरूपण सोडताना

३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने 'ऑर्कुट' बंद केले आणि भारतातील असंख्य तरुणांचा पहिला संगणकीय कट्टा एका व्यावसायिक निर्णयाने मोडला. दहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, 'कू'ची पाळी आली. भारतीय भाषांना अग्रस्थान देणारा हा मंच २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर अ‍ॅप स्पर्धेत गौरवला गेला. मोठ्या कंपन्यांशी चाललेली भागीदारीची बोलणी फिसकटली आणि तोही मिटला. पहिला मालक परदेशी होता, दुसरा स्वदेशी. वापरणाऱ्याच्या पदरी मात्र दोन्ही वेळा एकच गोष्ट पडली : आपण तेथे भाडेकरू होतो, ही जाणीव.

या भाडेकरूपणातून सुटण्याची एक वाट काही वर्षांपूर्वीच निघाली आहे. जर्मनीतील युजेन रोचको या तरुणाने २०१६ मध्ये 'मॅस्टोडॉन' ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिचे तत्त्व ई-मेलसारखे आहे. पत्ता एका सेवेचा असला तरी दुसऱ्या सेवेवरील माणसाशी पत्रव्यवहार अडत नाही. त्याचप्रमाणे येथे हजारो स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी जोडलेले असतात. प्रत्येकाचा चालक वेगळा आणि नियमही वेगळे. या जोडणीचा 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' हा संकेत जानेवारी २०१८ मध्ये जागतिक वेब संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारला. ना जाहिराती, ना वाचकाने काय पाहावे हे ठरवणारे छुपे गणित.

मोठ्या मंचांवर रुष्ट झालेले लोक या वाटेने गेलेही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलांचे खाते ट्विटरने निलंबित केल्यावर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलवले. त्या स्थलांतराचा वैचारिक रंग कोणताही असो, त्यामागचा प्रश्न सर्वांचाच होता : बोलण्याचा परवाना दूरच्या कंपनीने का द्यावा? ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतले, तेव्हा तर लोंढाच आला. मॅस्टोडॉनच्या मासिक सक्रिय सदस्यांची संख्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. परंतु दोन्ही वेळचा पूर ओसरला. गेलेल्यांपैकी बरेच जण मुकाट्याने जुन्या जागी परतले.

असे का व्हावे? नवी जागा वाईट होती म्हणून नव्हे. नवागताला तेथे प्रथम भेटली ती शांतता. जुन्या मंचावर यंत्रच गर्दी जमवून देत असे. येथे माणसे स्वतः शोधावी लागतात, त्यांच्या लेखनाला उत्तर द्यावे लागते, ओळख वाढवावी लागते. त्या वस्तीच्या काही रीतीही होत्या. चित्र टाकले तर अंधांसाठी त्याचे वर्णन लिहावे, क्लेशदायक मजकुराआधी सूचना द्यावी. ज्यांनी या रीती समजून घेतल्या ते तेथे रुजले. ज्यांना केवळ जुनेच दुकान नव्या पत्त्यावर हवे होते, त्यांचा जीव तेथे रमला नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मालक नसला म्हणून खर्च आणि कष्ट नाहीसे होत नाहीत. ते कोणाच्या तरी खांद्यावर पडतात. यंत्राचे भाडे देणे, बिघाड दुरुस्त करणे, शिवीगाळीच्या तक्रारी निस्तरणे, ही कामे बहुधा एखादा हौशी कार्यकर्ता नोकरी-संसार सांभाळून करतो. त्याच्या घरी अडचण आली की सारी वस्ती डळमळते. २०२२ च्या अखेरीस 'मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' हा जुना सर्व्हर चालकाच्या कौटुंबिक कारणांमुळेच बंद झाला. सदस्यांना आपले अनुयायी नव्या पत्त्यावर नेता येतात, लेखन मात्र मागेच राहते. म्हणूनच मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे तर चालकाला काही वचने द्यावी लागतात : रोज प्रत राखणे, आणीबाणीत हाताशी दुसरा जबाबदार माणूस असणे आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना देणे.

स्वातंत्र्याची दुसरी बाजूही येथेच दिसते. २०१९ मध्ये 'गॅब' या वादग्रस्त अमेरिकी मंचाने हीच प्रणाली उचलली. प्रणाली खुली असल्याने त्याला कोणी रोखू शकले नाही. पण असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. कोणाशी दार उघडे ठेवायचे, हा निर्णय प्रत्येक वस्तीला स्वतःच घ्यावा लागतो. तो घेताना भांडणे होतात, मने दुखावतात. स्वशासनाचा हा अटळ भाग आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत पाणी सर्वांना हवे असते, वार्षिक सभेला मात्र मोजकीच डोकी दिसतात. सचिवावर टीका करणारे पुष्कळ, सचिव होणारा एखादाच. तरीही ज्या संस्थेत चार माणसे आळीपाळीने भार उचलतात, ती पन्नास वर्षे उभी राहते. संगणकावरील वस्तीलाही हाच न्याय लागू आहे.

आप्तेष्ट ज्या मंचावर आहेत तो एका रात्रीत सोडणे कोणत्याही कुटुंबाला शक्य नाही आणि तशी आवश्यकताही नाही. पण आजोबांच्या आठवणी, मुलांची छायाचित्रे, स्वतःचे लेखन यांची प्रत घरी असावी, एवढे तर आजच करता येईल. पुढचे पाऊल समविचारी मंडळींनी मिळून टाकावे. दहा-वीस कुटुंबे एकत्र आली, दरमहा थोडी वर्गणी जमली आणि जाणकार तरुणाच्या जोडीला दुसरा हात उभा राहिला, तर मराठी माणसांची छोटी पण स्वतःची ओसरी तेथे उभी राहू शकते. मालकाला नावे ठेवून घर सोडणे सोपे असते. नव्या घरी रोज सकाळी अंगण कोण झाडणार, हे आधी ठरवणाऱ्यांचेच घर टिकते.