घरखर्चाची वही : शेअर पडला म्हणून पॉलिसी मोडायची का?

आपल्या या वहीत नेहमी वाणसामान, वीजबिल, मुलांच्या फिया असे विषय येतात. आज शेअरबाजार आला आहे. नाक मुरडू नका. हल्ली तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे, आणि आपण त्याची बोली शिकलो नाही, तर भुर्दंड आपल्यालाच बसतो.

गोष्ट मार्च २०२३च्या अखेरची. पाडवा झाला होता, वर्षाचा गहू भरायची घाई होती आणि आमची महिन्याची भिशी होती. चहा झाला, चिठ्ठी निघाली, आणि बोलणे गव्हाच्या भावावरून आयुर्विमा महामंडळाच्या शेअरवर गेले. आमच्यापैकी तिघी-चौघींनी मे २०२२ मध्ये तो घेतला होता. घरात पॉलिसी होती, पॉलिसीधारकांना ६० रुपयांची सूट होती, म्हणून ९४९चा शेअर ८८९ला मिळाला. पंधरा शेअरांचा एक गठ्ठा, म्हणजे १३,३३५ रुपये. आता भाव साडेपाचशेच्याही खाली आला होता. तेरा हजारांचे आठ हजार!

मग काय, प्रत्येकीकडे एक कारण तयार. समोरच्या ताई म्हणाल्या, "परदेशातली युद्धं, दुसरं काय!" शिक्षिका असलेल्या वहिनी म्हणाल्या, "बजेटमध्ये विम्याला कर लावला ना." एकीच्या भाच्याने सांगितले होते की भाव तीनशेवर येणार, दुसरीच्या दिरांनी सांगितले होते की दिवाळीपर्यंत दीड हजार होणार. कोपऱ्यावरच्या काकू मात्र गप्प होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "मी तर उद्या जाऊन पॉलिसीच मोडून टाकणार आहे. शेअर असा बुडतोय, तर माझे पैसे तरी कुठे राहणार?"

ते ऐकून माझा हातातला कप हातातच राहिला. काकूंची पॉलिसी सोळा वर्षांची, संपायला चार वर्षे उरलेली. काकांच्या मागे त्यांना तोच एक आधार. शेअरच्या भीतीने त्या हातचे सोडायला निघाल्या होत्या.

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पॉलिसी वेगळी, शेअर वेगळा. पॉलिसी म्हणजे करार. इतकी वर्षे इतका हप्ता भरा, अमुक झाले तर अमुक रक्कम मिळेल, असा. शेअर म्हणजे मालकीचा बारीकसा तुकडा. त्याचा भाव रोज बाजार ठरवतो. शेअर निम्म्यावर आला म्हणून कराराची रक्कम निम्मी होत नाही. शिवाय महामंडळ ज्या १९५६च्या कायद्याने स्थापन झाले, त्याच्या ३७व्या कलमात पॉलिसीच्या विमारकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला केंद्र सरकारची हमी दिली आहे. शेअरच्या भावाला मात्र कुणाचीच हमी नसते. आणि पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हाती येणारी रक्कम ठरलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी असते. काकूंना एवढे समजावले तेव्हा त्यांनी पदराने घाम टिपला आणि दुसरा चहा मागितला.

आता भावाकडे वळू. तो का पडला? गंमत अशी की भिशीत सगळ्याच थोड्या थोड्या बरोबर होत्या. भाव एका कारणाने हलत नाही. भाजी महाग होते तेव्हा पाऊस असतो, डिझेल असते, सणही असतो, तसेच इथे.

पहिले कारण बाजाराची हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि बाजार डळमळले. सरकारने विक्री पुढे ढकलली, आणि ५ टक्क्यांऐवजी साडेतीन टक्केच हिस्सा विकायचे ठरवले. अखेर ४ मे २०२२ला अर्ज भरायला सुरुवात झाली, आणि नेमक्या त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने अचानक रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. त्या दिवशी सेन्सेक्स १३०० अंकांहून अधिक कोसळला. व्याजदर वाढू लागले की मुदतठेवीला बरे व्याज मिळते, आणि शेअरमध्ये जोखीम घ्यायला लोक जास्त किंमत देत नाहीत. महामंडळाने काही वाईट केले नव्हते. मुहूर्त तेवढा वाईट लागला. १७ मेला शेअर बाजारात आला तो ८६७ रुपयांना. म्हणजे सूट मिळालेल्या आपल्यासारख्यांनाही पहिल्याच दिवशी तोटा.

दुसरे कारण मागणी आणि पुरवठा. हे तर आपल्याला मंडईत रोज कळते. मोठ्या संस्थांना विक्री सुरू होण्याआधीच शेअर दिले होते. महिनाभर ते विकायचे नाहीत, अशी अट होती. जूनच्या मध्यावर ती संपली, आणि १३ जूनला भाव ७००च्या खाली गेला. त्यातून सरकारकडे साडेशहाण्णव टक्के शेअर होते. ते आज ना उद्या आणखी विकणार, ही धास्ती होतीच. टोमॅटोचे आणखी ट्रक येणार हे कळले की आजच भाव कसा उतरतो?

तिसरे कारण बातमी. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या हिंडेनबर्ग या संस्थेने अदानी समूहावर आरोप करणारा अहवाल काढला. समूहाने आरोप नाकारले, पण त्याचे शेअर कोसळले. महामंडळाची त्या कंपन्यांत गुंतवणूक होती, म्हणून इकडेही घबराट पसरली. महामंडळाने तेव्हा जाहीर केले की ही गुंतवणूक त्याच्या एकूण मालमत्तेच्या एक टक्क्याहून कमी आहे. आता बघा, शंभर रुपयांच्या घरखर्चात एका रुपयाचे नुकसान झाले तर आपण घर विकायला काढतो का? पण बाजारात आधी भीती पळते, हिशेब मागून चालत येतो.

चौथे कारण सरकारी नियम. १ फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात ठरले की १ एप्रिलपासून घेतलेल्या नव्या पॉलिसींचा वर्षाचा हप्ता मिळून पाच लाखांच्या वर असेल, तर मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेवर करमाफी नाही. सगळ्याच विमा कंपन्यांचे शेअर त्या दिवशी उतरले. वहिनींचे म्हणणे खरे होते. फक्त तो नियम त्यांच्या स्वतःच्या दोन हजारांच्या हप्त्याला लागू नव्हता, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

एवढे झाल्यावर समोरच्या ताईंनी खरा प्रश्न विचारला. "ते सगळं असू दे. मी विकू की ठेवू?"

मी म्हटले, "ताई, भाव कुठं जाणार ते मला ठाऊक नाही, आणि भाच्याला नि दिरांनाही नाही. तुम्ही एवढंच सांगा, हे पैसे तुम्हाला लागणार कधी?"

ताई खाली बघू लागल्या. ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचे होते. जूनमध्ये भरायचे. घरखर्चातून तीन वर्षे वाचवलेले, आणि शेअर घेतल्याचे घरी सांगितलेले नव्हते.

मैत्रिणींनो, चूक शेअर घेण्यात नव्हती, इथे होती. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो पैसा शेअरमध्ये घालू नये. फी, बाळंतपण, लग्न, घराची डागडुजी हे पैसे पोस्टात किंवा बँकेत ठेवावेत. पाच-सात वर्षे ज्याच्याकडे बघितले नाही तरी चूल पेटेल, तेवढेच शेअरमध्ये. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खर्चाला जितके खरे, तितकेच गुंतवणुकीला.

मग त्या दिवशी भिशीनेच वाट काढली. जूनची चिठ्ठी न काढता रक्कम ताईंना द्यायची आणि त्यांनी पुढची पाळी सोडायची, असे ठरले. घरी सांगायचे मात्र त्यांनीच. सांगितलेही. दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी यजमानांनी स्वतःचाही एक फसलेला व्यवहार कबूल केला!

पुढे काय झाले? ताईंनी शेअर ठेवले. मधल्या काळात दोनदा लाभांश आला, शेअरमागे दीड रुपया आणि मग तीन रुपये, पंधरा शेअरांवर सारे मिळून साडेसदुसष्ट रुपये. जानेवारी २०२४ मध्ये भाव ९००च्या आसपास आला तेव्हा "मुद्दल सुटलं, बस झालं" म्हणून त्यांनी विकून टाकले. फेब्रुवारीत तो हजाराच्या पार गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये बाराशेच्याही वर. भिशीत सगळ्या हळहळल्या. पण मार्च २०२५ मध्ये तोच भाव आठशेच्या खाली होता. तेव्हा ना हळहळ खरी, ना शाबासकी. थांबले की नेहमी फळ मिळतेच असेही समजू नका. कित्येक कंपन्यांचे शेअर पडले ते पुन्हा उठलेच नाहीत.

आता वहीत उतरवून घ्यायच्या चार गोष्टी :

१. शेअर घेताना तारीख, भाव, संख्या आणि 'का घेतला' हे एका ओळीत लिहावे. पडल्यावर ती ओळ वाचावी. कारण अजून खरे असेल तर घाबरू नये. खोटे ठरले असेल तर 'मुद्दल सुटू दे' म्हणत अडकून राहू नये.

२. बातमी कानावर आली की विचारावे, ही कंपनीच्या धंद्याची बातमी आहे की बाजाराच्या हवेची? कंपन्यांना महत्त्वाच्या घडामोडी शेअरबाजाराला कळवाव्याच लागतात. त्या कुणालाही वाचता येतात.

३. डीमॅट खात्याला वारस नेमावा. पासवर्ड आणि ओटीपी भाच्यालासुद्धा देऊ नये. खात्री देऊन भाव सांगणाऱ्याचा नंबर सरळ बंद करावा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान भागत नाही.

४. घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवावे. लपवलेला तोटा दुप्पट जड होतो.

आणि काकूंची पॉलिसी? ती त्यांनी मोडली नाही. त्या भिशीनंतर पुढचा हप्ता वेळेवर भरला आणि पावती मला मुद्दाम दाखवायला आणली. म्हणाल्या, "शेअरचं तुम्ही बघा बायांनो, मला माझी पावती बरी." मला वाटते, त्या दिवशी आमच्यात सगळ्यात शहाणा व्यवहार त्यांनीच केला.