फायबरच तर आहे!

‘अहो, फायबरच तर आहे. फेकून द्या, नवीन टाकू.’ जुन्या रेसिंग गाडीच्या नाकाला तडा गेला की हे वाक्य कुठून तरी येतंच. बोलणारा पत्र्याच्या गाडीचा मूळ दरवाजा मिळावा म्हणून भंगार बाजार पालथा घालणारा असतो. बॉनेटवरचा मूळ बिल्ला हरवला तर त्याला झोप लागत नाही. गाडीचं अख्खं अंग मात्र तो बिनदिक्कत गॅरेजमागे उकिरड्यावर टाकतो, कारण ते पत्र्याचं नाही. मला या माणसाचा राग येतो, आणि त्याच्या होला हो म्हणून नव्या अंगाचं बिल फाडणाऱ्या गॅरेजवाल्याचा त्याहून जास्त.

पोर्शे 904 घ्या. 1964 ची गाडी, कंपनीची फायबरचं अंग असलेली पहिलीच. खाली पोलादी चासी, तिच्यावर चिकटवलेलं अंग, आणि ते घडवलं हाइंकेल या विमानं बनवणाऱ्या कंपनीने. साच्यात काचेचे तोडलेले धागे आणि रेझिन फवारायचं, अशी पद्धत. फवारणाऱ्याचा हात जिथे रेंगाळला तिथे थर जाड, जिथे सटकला तिथे पातळ. एका 904चं वजन दुसरीशी जुळत नाही ते त्यामुळेच. त्याच वर्षी या गाडीने सिसिलीत टार्गा फ्लोरिओ जिंकली. आज कुणी ते वेडंवाकडं मूळ अंग उतरवून एकसारख्या जाडीचं गुळगुळीत कवच चढवतो आणि चारचौघांत सांगतो, ‘मी गाडी वाचवली.’ काय वाचवलंत? चासी आणि तिचा नंबर!

लोटस एलीटच्या बाबतीत तर एवढंही म्हणता येत नाही. 1957च्या लंडनच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी ल मान्सच्या शर्यतीत सहा वेळा आपल्या गटात पहिली आली. तिला वेगळी चासीच नाही. फायबरचं अंग हाच तिचा सांगाडा. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरायला आणि दारांच्या बिजागऱ्यांसाठी आत थोडं पोलाद बसवलेलं, बाकी सगळा भार फायबरवर. मागच्या डिफरन्शियलची पकड फायबरमधून उखडणं हे तिचं जुनं दुखणं. अशा गाडीचं ‘अंग बदललं’ म्हणजे गाडीच बदलली. मग जुन्या कागदपत्रांवर नवी गाडी विकताय असं सरळ म्हणा ना.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण खरी लबाडी तिथे आहे. आपल्याकडची ठरलेली पद्धत अशी: तड्यावर ग्राइंडर फिरवायचा, वरून पुट्टी थापायची, पॉलिश पेपर मारायचा, रंग. गिऱ्हाईक खूश. वर्षभरात तडा त्याच जागी पुन्हा हजर होतो, आणि तेव्हा हाच कारागीर मान हलवून म्हणतो, ‘फायबर असंच असतं.’ फायबर असं नसतं, बाबा. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, चांदणीसारखे तडे दिसतात ते बहुतेक वेळा मागून बसलेल्या धक्क्याचे असतात, नाहीतर पॅनल सतत वाकत राहिल्याचे. जखम मागच्या बाजूला असते आणि मलम पुढून लावलं जातं.

त्यात एक गोष्ट रसायनाची. ओलसर पॉलिएस्टर रेझिनवर त्याच रेझिनचा दुसरा थर दिला की दोन्ही रेणूंच्या पातळीवर एकमेकांत गुंततात. पण साठ वर्षांपूर्वी पिकून गेलेल्या थरावर नवा थर फक्त चिकटतो, मुरत नाही. म्हणून चिकटायला जागा भरपूर लागते. कडा उतरत्या घासायच्या, साधारण जाडीच्या बारा पट. पॅनल 2 मिलिमीटरचं असेल तर भोवती 24 मिलिमीटर उतार. मग मागून थर, मग पुढून, लहान तुकड्यापासून मोठ्याकडे. त्याआधी नाण्याने टकटक करून आवाज ऐकायचा. कुठे बद्द वाजलं तर थर आतून सुटलेत, तेही काढायचे. पेट्रोल-ऑइल मुरलेला भाग कितीही पुसला तरी नव्या थराला धरत नाही, तो कापावाच लागतो. आणि रंग काढायला पेंट रिमूव्हर फासणाऱ्याला तर कामालाच लावू नये. त्यात मिथिलीन क्लोराइड असलं तर ते रंगाबरोबर रेझिनही खातं. हे सगळं वेळखाऊ, खाजऱ्या धुळीचं काम आहे. त्यापेक्षा नवं अंग छापणं सोपं आणि नफ्याचं. एवढंच गुपित आहे.

‘रेझिन जास्त ओतलं की मजबूत होतं’ ही आणखी एक अंधश्रद्धा. ताकद काचेच्या धाग्यांची असते. रेझिनचं काम त्यांना धरून ठेवण्याचं. ओतलेलं जादा रेझिन गाडीला जड आणि ठिसूळ करतं. ज्या गाडीचा जन्मच वजन वाचवण्यासाठी झाला, तिला पाण्याच्या टाकीची जाडी देऊन वर ‘हेवी ड्यूटी’ म्हणून मिरवायचं! दुसरं टोक कार्बन फायबरवाल्यांचं. त्यांना साठच्या दशकातली गाडी हवी, पण तिचं अंग आजचं हवं.

‘त्या काळी टीमवाले शर्यतीगणिक नाक बदलत होते, त्याचं काय?’ बदलत होते. नाक हे ठोकर खायला असतंच, आणि चुराडा झालेलं नाक जोडत बसा असं मी कुणाला म्हणत नाही. पण ते बदलत ते त्याच साच्यातून निघालेल्या, तेवढ्याच पातळ नाकाने. तुम्ही साचा काढता तो पुट्टी भरलेल्या, बसक्या झालेल्या, रंगाची पुटं चढलेल्या पॅनलवरून. त्यातून निघालेलं नाक जागेवर बसत नाही. मग कारागीर कडा घासतो, तरीही नाही बसलं तर चासीवरचे मूळ ब्रॅकेट वाकवतो. नक्कल बसावी म्हणून अस्सल मोडायचं, हा कुठला न्याय?

यावर कागद दाखवणारेही आहेत. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमांतला अपेंडिक्स के म्हणतो की गाडी तिच्या काळच्या तपशिलाशी जुळली पाहिजे. जुळली तर हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट मिळतो. ती पात्रता शर्यतीत उतरण्याची. गाडी अस्सल असल्याचा दाखला तो नव्हे, आणि लिलावाच्या पानावर त्याची जाहिरात करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

आपल्या देशात तर हा प्रश्न आता कुठे दारात आलाय. बंगळुरूची सिपानी डॉल्फिन रॅलीत पळाली ती फायबरच्या हलक्या अंगामुळे. रेसिंग गाड्या घडवणारे करिवर्धन यांनी 1988 मध्ये कोइम्बतूरला मारुती 800 चं इंजिन लावून फॉर्म्युला मारुती घडवली. तिचं अंगही फायबरचं. कितीतरी पोरांनी पहिली शर्यत या गाड्यांत मारली. त्या आता जुन्या गाड्यांच्या यादीत जातील, आणि नीट दुरुस्ती करणारे हात नाहीत ही सबब मी ऐकून घेणार नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त होतातच. मासेमार तडा गेला म्हणून होडी फेकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला तीच समुद्रात न्यायची असते.

तेव्हा मालकांना सांगणं एवढंच. अंग बदलावंच लागलं तर जुनं स्वतःच्या ताब्यात घ्या, कुठला भाग कधी बदलला ते लिहून ठेवा आणि गाडी विकताना ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या. आणि गाडी गॅरेजात सोडण्याआधी कारागिराला विचारा, तड्याभोवती उतार किती मिलिमीटरचा घेणार? त्याने उत्तराऐवजी पुट्टीचा डबा दाखवला, तर गाडी तशीच परत घेऊन या.