अठराव्या वर्षी संपणारा हक्क

सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अंध व अन्य दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखणे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक केले. १९९५ च्या कायद्यातील ३ टक्क्यांहून हे पाऊल निश्चितच पुढचे. परंतु मोफत शिक्षणाचा हक्क, तसेच पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी त्याच कायद्याने वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच मर्यादित केली. पुढे उरते ती ‘योग्य प्रकरणी’ द्यावयाची शिष्यवृत्ती. म्हणजे महाविद्यालयाची पायरी चढण्याच्या वयातच हक्क संपतो आणि मेहेरबानी सुरू होते!

अंध विद्यार्थ्याचा खर्च शुल्कापुरता नसतो. वाचून दाखविणारा सोबती, परीक्षेतील लेखनिक, ब्रेल ग्रंथ, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखविणारा संगणक यांवाचून त्याचा अभ्यासच होत नाही. सुस्थित घरातला मुलगा हे सारे विकत घेतो. शेतमजुराची मुलगी राखीव जागा मिळूनही वंचितच राहते. दिव्यांगांच्या प्रश्नालाही वर्गीय अंग आहे, ते असे.

म्हणून वयाची ही अट रद्द झाली पाहिजे. शिक्षण पूर्ण होईपर्यंत साधनांचा भार शासनाने, तोही वर्षारंभीच, उचलला पाहिजे. उशिरा आलेल्या शिष्यवृत्तीसाठी परीक्षा थांबत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांपासून या मागणीचा प्रारंभ करावा.