भोंग्याबरोबर संगणक खोलीही हवी



गावोगावी वडगावसारखा भोंगा वाजवा, असे सुचवणाऱ्या पत्रात एक बाजू राहून गेली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव २०२२ पासून मुलांच्या अभ्यासासाठी भोंगा वाजवून सायंकाळी सात ते साडेआठ टीव्ही-मोबाइल बंद ठेवते, हे स्तुत्यच. पण ज्या घरात एकच फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर रानात नाहीतर कारखान्यावर असतो. मुलीच्या हाती तो अभ्यासासाठी येतो संध्याकाळीच. नेमका तेव्हाच बंद करायचा? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा गरीब मुलाच्या शिक्षणाची सोय त्याच्या घरावर सोडली नाही. त्याच न्यायाने शाळेची संगणक खोली त्या दीड तासात उघडी ठेवा, देखरेखीला मानधनावर माणूस नेमा. हा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा.

– एक शिक्षिका, कराड