विजय झोलचे नाबाद ९१

जालन्यात क्रिकेटपटू विजय झोलचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग इंडियाकडून का नाही खेळला?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एक सामना आठवावा.

जानेवारी २०१४, रणजीची उपान्त्यपूर्व फेरी, वानखेडे. मुंबईने पहिल्या डावात ४०२ केल्या, महाराष्ट्र २८० वर आटोपला. एवढी आघाडी घेतलेली मुंबई सहसा सामना सोडत नाही. पण दुसऱ्या डावात ती १२९ वर कोसळली. महाराष्ट्राला जिंकायला २५२ हव्या होत्या, त्याही चौथ्या डावात, मुंबईच्या अंगणात. दोघं बाद झाल्यावर केदार जाधव आणि झोल यांनी पुढचा गडी पडूच दिला नाही. जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१. महाराष्ट्र पुढे अंतिम फेरीपर्यंत गेला. झोल तेव्हा १९ वर्षांचा होता आणि त्याच महिन्यात शारजाला, युवा आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात, कर्णधार म्हणून पाकिस्तानविरुद्ध शतक ठोकून आला होता.

गावाच्या तोंडी मात्र ४५१ चाच आकडा. कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध २०११ मध्ये केलेल्या त्या नाबाद धावा थोरच. पण समोर त्याच्याच वयाची पोरं होती. रणजीत तिशीतला मुरलेला गोलंदाज भेटतो, एकदा कच्ची बाजू हेरली की तिथेच मारा करत राहतो. भाऊसाहेब निंबाळकरांनी तर १९४८ मध्ये रणजीतच नाबाद ४४३ केल्या, तरी त्यांना कसोटी मिळाली नाही. म्हणून त्यांना कुणी अपयशी म्हणतं का?

झोलच्या नेतृत्वाखाली २०१४ चा युवा विश्वचषक खेळलेले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव पुढे भारताकडून खेळले. झोलला बंगळुरूने आयपीएलसाठी घेतलं, भारताची टोपी मिळाली नाही. जिल्ह्याच्या गावातून निघून रणजीत उभं राहणं, हीच मोठी कारकीर्द आहे.

अशा गावातल्या खेळाडूची खरी अडचण एकोणिशीनंतर येते. वयोगट संपतो, रणजीची जागा पक्की नसते आणि घरचे नोकरीचं विचारू लागतात. रेल्वेने, बँकांनी अशा कितीतरी खेळाडूंना नोकरी देऊन सांभाळलं. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, पोलादाचे कारखाने आहेत. त्यांनी बक्षिसाचे धनादेश आणि फ्लेक्स यांवर न थांबता दरवर्षी दोन-तीन खेळाडूंना पगारावर घ्यावं आणि सरावाला वेळ द्यावा.